भाऊजींनी केलेला एकमेव फाउल

अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात न्यायावर मनापासून विश्वास असलेला एकच माणूस शिल्लक आहे आणि तो माझ्या बहिणीच्या वाट्याला आला आहे. आपण बाकीचे सगळेही न्यायाच्याच बाजूचे असतो, पण ते आपला नंबर लागेपर्यंत. माझे भाऊजी नंबर लागल्यावरही त्याच बाजूला उभे राहतात, आणि म्हणून त्यांच्याबरोबर कुठेही जायचं म्हणजे माझ्यासारख्या माणसाची पंचाईत होते. माझं यवतमाळला औषधांचं दुकान आहे. कुठल्या रांगेत कुठून घुसावं, कोणत्या साहेबाला कोणाची ओळख सांगावी, यात माझा हात धरणारा कोणी नाही. भाऊजींचं घाटंजीला मोटारी बांधायचं दुकान आहे. विहिरीवरच्या पंपाच्या मोटारी जळतात, त्यांची जुनी तार काढून नवी भरायची, हा त्यांचा धंदा. आणि गेली वीस-बावीस वर्षं दर हिवाळ्यात आसपासच्या गावांत एकाच समितीचे कबड्डीचे सामने भरतात, तिथे पंच म्हणून उभं राहायचं, हा त्यांचा धर्म. धंद्यात ते सुट्टी घेतात, धर्मात नाही.

धंद्यातही धर्म घुसतोच म्हणा. जळालेली मोटार उघडली की भाऊजी आधी चष्मा पुसतात, तारेचा वास घेतात, मग बाकावर बसलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असा निकाल देतात. "पाणी नसतानी चालवली. चूक मालकाची." किंवा, "लाइन कमीजास्त झाली. मालक निर्दोष." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण ते मोटारीच्या अंगावर पिवळ्या रंगाने हे लिहूनही ठेवतात. घाटंजी तालुक्यात अशा कितीतरी विहिरी आहेत जिथे पंपावर स्वच्छ अक्षरांत 'चूक मालकाची' असं लिहिलेलं आहे. एका गिऱ्हाइकाने चिडून विचारलं, "भाऊ, मोटार माही, पैसा माहा, अन् चूकही माहीच लिवता?" भाऊजी शांतपणे म्हणाले, "मंग कोणाची लिवू? मोटारीची?" तो माणूस गेला तो दुसऱ्या दुकानात. पण पुढच्या उन्हाळ्यात परत आला, कारण भाऊजींनी भरलेली तार जळत नाही.

हे वेड आलं कुठून, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. भाऊजींच्या बैठकीत शिरताच समोर संविधानाची उद्देशिका फ्रेम करून लावलेली दिसते, शेजारी बुद्धाची तसबीर. त्यांच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ते नातवाला सांगायचे, की आधी गावात नियम होते, पण ते कुठे लिहिलेले नव्हते. ते ज्याचा आवाज मोठा त्याच्या तोंडात असायचे आणि त्याची मर्जी फिरली की फिरायचे. मग ते कागदावर आले. भाऊजी हे सांगताना आवाज चढवत नाहीत, उलट खाली आणतात. मला इतका कंटाळवाणा वाटणारा छापील कागद या माणसाला एवढा प्रिय का, हे तेव्हा कळतं आणि मी थोडा ओशाळतो.

अशा माणसाच्या हाती अमेरिकेतला फुटबॉल लागला. नागपूरला नर्स असलेल्या माझ्या भाचीने बापाच्या फोनवर काहीतरी जोडून दिलं, आणि एका सोमवारी पहाटे, म्हणजे तिकडे रविवारची रात्र चालू असताना, भाऊजींना हा खेळ दिसला. नाव फुटबॉलचं, पण पाय चेंडूला क्वचितच लागतो. डोक्यावर टोप, खांद्यावर गाद्या बांधलेले धिप्पाड लोक एकमेकांवर कोसळतात, मग उठून बराच वेळ सल्लामसलत करतात, मग पुन्हा कोसळतात. मी पाच मिनिटांत कंटाळलो. भाऊजी मात्र त्या दिवसापासून दर सोमवारी तुरीच्या डाळीच्या डब्याला फोन टेकवून, मांडी घालून, समोर चहा निवत ठेवून बसतात. खेळाडूंकडे ते बघतही नाहीत. ते बघतात पंचांकडे. पट्ट्यापट्ट्यांचे सदरे घातलेले सात पंच मैदानात असतात. चूक दिसली की पंच खिशातून पिवळा रुमाल काढून जमिनीवर टाकतो, आणि खेळ बहुतेक वेळा तसाच पुढे चालू राहतो. खेळी संपली की मुख्य पंच कमरेचं बटण दाबतो आणि भरलेल्या मैदानाला माइकवरून सांगतो, चूक काय झाली, कोणत्या संघाने केली, कितव्या नंबरच्या माणसाने केली, तिला शिक्षा काय. "नंबर सांगते, बाबू!" भाऊजी माझा दंड धरून म्हणाले होते. "सत्तर हजार लोकाइसमोर नंबर सांगते! अन् मंग ज्याच्यावर अन्याय झाला त्या टीमले इचारते, का तुमाले हा दंड पाह्यजे का नको. अन्याय ज्याच्यावर, मर्जी त्याची!" त्यांचे डोळे भरून आले होते. फुटबॉल बघून रडलेला माणूस मी पाहिला आहे, पण त्याचा संघ हरलेला होता.

मग भाचीकडून त्या खेळाच्या नियमांचं पुस्तक आलं. इंग्रजीतलं, झेरॉक्सवर काढून स्पायरल घातलेलं, चांगलं जाडजूड. भाऊजींनी त्याला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं आणि रोज अर्धं पान, अडलेला शब्द भाचीला विचारत विचारत, दीड वर्षात ते वाचून काढलं. मी घाटंजीला गेलो की तांब्याच्या तारांच्या भेंडोळ्यांत बसवून मला शिकवणी मिळायची. एकदा ते म्हणाले, "समज, एक टीम पुढं हाये. टाइम संपून राह्यला. ते काय करते? मुद्दाम फाउल करते. याले धर, त्याले ओढ. दंड काय, तर दहा-पाच पावलं मागं. पण घड्याळच संपलं तर पावलं घेऊन काय करतं? त्याइच्यासाठी तो दंड नसते बाबू, ते तिकीट असते. तिकीट काढलं, बसले गाडीत, गेले." मी म्हटलं, मग यात वाईट काय, नियमाप्रमाणे दंड तर भरला ना? भाऊजींनी माझ्याकडे जळालेल्या मोटारीकडे बघतात तसं बघितलं. "चुकून फाउल करणारा माणूस असते. हिशेब करून फाउल करणारा बदमाश असते. अन् त्या पुस्तकवाल्याइले हे समजलं! असं मुद्दाम करून वेळ खाल्ला, तर गेलेला टाइम घड्याळात वापस टाका, अन् खेळी पुन्हा खेळा म्हणते. बचाववाल्यानं शेवटच्या खेळीत फाउल केला, तर समोरच्याले बिनघड्याळाची आणखी एक खेळी देते."

आणि मग त्यांनी मला ते पान दाखवलं. तिथे हिरव्या पेनाने रेघ मारलेली होती. एखाद्याने इतकं उघड, इतकं ढळढळीत अन्यायाचं कृत्य केलं की नेहमीची शिक्षा त्याला पुरणार नाही, समजा बाकावर बसलेला माणूस उठून आत आला आणि त्याने पळणाऱ्याला पाडलं, तर पंचाने साथीदारांशी बोलावं आणि न्यायाचं वाटेल ते द्यावं. वाटलं तर तो पळणारा पोचलाच असं धरून पूर्ण गुणही द्यावेत. भाऊजी त्या ओळीवरून बोट फिरवत राहिले. "एवढं जाड पुस्तक लिवलं," ते म्हणाले, "अन् लिवता लिवता त्याइले समजलं, का माणसाची बदमाशी पुस्तकात मावत नाई. म्हणून एक जागा सोडली. तथी लिवलं, का पंच माणूस हाये, त्याच्यावर भरोसा ठेवा." त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या खेळाबद्दल काहीतरी वाटलं. भाऊजींबद्दल तर वाटलंच.

त्यानंतर त्यांच्या खिशात पिवळा रुमाल आला आणि आम्हा नातेवाइकांचे दिवस फिरले. महागावला एका लग्नात जेवणाची रांग बघून मी आपल्या सवयीप्रमाणे एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या पुढे अलगद शिरलो. ताट हातात आलं न आलं तोच माझ्या बुटांपुढे पिवळा रुमाल पडला. भाऊजींचा आवाज मंडपभर घुमला, "नवरीकडचा पाहुणा, चष्मेवाला, रांगेत मधी घुसला. पाच पावलं मागं." मग त्या म्हाताऱ्यांकडे वळून अदबीने, "बाबाजी, दंड घेता का सोडता?" मला वाटलं म्हातारा माणूस, सोडेल. तो म्हणाला, "घेतो!" मी पाच पावलं मागे गेलो आणि माझ्यापर्यंत येईतो गरम पुऱ्या संपल्या. ताईवर मात्र या रुमालाची मात्रा चालत नाही. नवऱ्याशी बिनसलं की ती सलग चार दिवस त्यांना न आवडणारी कोहळ्याची भाजी करते. भाऊजी रुमाल टाकतात. ती तो उचलते, साबण लावून धुते, दोरीवर वाळत घालते आणि म्हणते, "मुद्दामच केली. द्या काय दंड द्यायचा तो." तिच्यापुढे कोणताच नियम चालत नाही हे भाऊजींनी मान्य केलं आहे.

कबड्डीच्या मैदानावर मात्र हसण्यावारी न्यावं असं काही नसतं. त्या दिवशी ते पांढरी पँट स्वतः इस्त्री करतात. पाण्याची बाटली घरून नेतात, कारण यजमान गावाचा चहाही त्यांना चालत नाही. सख्ख्या पुतण्याला त्यांनी अंतिम सामन्यात बाद ठरवलेलं आहे, आणि त्यामुळे त्यांच्या मोठ्या भावाने दिवाळीला फराळ पाठवला नव्हता. गळ्यातली काळ्या दोरीची शिट्टी सामन्याआधी ते गरम पाण्याने धुतात. एरवी वाकून चालणारा हा पन्नाशीचा माणूस मैदानात उतरला की दोन इंच उंच दिसतो. माझ्या ताईचं म्हणणं आहे, की लग्नात नवरदेव म्हणूनसुद्धा ते एवढे चांगले दिसले नव्हते.

तर या मैदानावर अमेरिका आली आणि भानगड झाली. दोन वर्षांपूर्वी एका गावच्या सामन्यात भाऊजींनी स्पर्धेचा माइक मागून घेतला आणि एका पकडीचा निकाल कारणांसह सांगायला सुरुवात केली. कारणं सहा मिनिटं चालली. खेळाडू थंड पडले, लोक ओरडायला लागले, पेंडॉलमधल्या पाहुण्यांचं भाषण राहिलं. स्पर्धेच्या अध्यक्षांनी, ते एका जिनिंगचे मालक, भाऊजींना सर्वांदेखत सांगितलं, "भाऊ, तुमी चांगले पंच हा. पण ते अमेरिकेचं पुस्तक घरी ठेवा. यापुढं असं एकदा जरी झालं, तर शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात." घरी येऊन भाऊजींनी रुमाल कपाटात ठेवला. ताईने मला फोन केला तेव्हा तिचा आवाज घाबरलेला होता. "ते शिट्टीबिगर काय करतीन रे?" ती म्हणाली. "मोटार तर कोणीही बांधते." मीही घाबरलो. त्या शिट्टीशिवाय भाऊजी मला डोळ्यांसमोर आणताच येईनात.

पुढच्या हिवाळ्यात त्याच गावात मुलींचा अंतिम सामना होता, दुपारी तीनला. एकीकडे यजमान गावाचा संघ, बूट, एकसारखे सदरे, एक मॅनेजर, त्याच्या हातात पॅड. दुसरीकडे कोलाम आदिवासींच्या एका पोडावरच्या, म्हणजे पाड्यावरच्या, सात पोरी, अनवाणी. बदली खेळाडू एकही नाही. मी भाऊजींना सोडायला गेलो होतो म्हणून थांबलो. सामना शेवटच्या चढाईवर आला तेव्हा यजमान दोन गुणांनी पुढे होते. पोडावरची सगळ्यांत बारकी मुलगी चढाईला गेली. ती आत शिरली, वाकली, एकीला हात लावला, वळता वळता दुसरीला पाय, आणि तिसरी धरायला आली तर तिच्या खांद्याला थापटून मध्यरेषेकडे उडी घेतली. तिघी बाद, तीन गुण, सामना तिचा. माझ्यासारख्यालाही कळलं. तेवढ्यात मॅनेजर ओरडला, "धर तिले!" आणि रेषेबाहेर बसलेली त्यांची बदली खेळाडू आत झेपावली आणि तिने त्या बारकीचा घोटा धरला. बारकी रेषेपासून वीतभर अंतरावर तोंडावर आपटली आणि घड्याळ संपलं.

मॅनेजर हसत होता. त्याने हिशेब केलेला होता. स्पर्धेचे नियम एका छापील कागदावर होते आणि त्यात लिहिलं होतं, की बाहेरच्याने अडथळा आणल्यास समोरच्या संघाला एक गुण आणि दोषी खेळाडू बाद. एक गुण मिळूनही पोडावरच्या पोरी एका गुणाने हरत होत्या. भाऊजी मैदानाच्या मधोमध उभे राहिले. अर्धं मिनिट तरी ते हलले नाहीत. मला वाटलं, ते निकालाचा विचार करतायत. मग ते रेषेवरच्या दोन पंचांकडे गेले. त्यातल्या एकाच्या तोंडात खर्रा होता, त्याला बोलता येईना, पण त्याने मान जोरजोरात हलवली. दुसरा म्हणाला, "तुमी म्हणान तसं." भाऊजींनी माइक मागितला. अध्यक्ष पेंडॉलमध्ये अर्धवट उठले. मी हळूच माझी मोटारसायकल कुठे लावली आहे ते बघून ठेवलं.

"पाहुण्या संघाच्या पोरीनं तिघीले हात लावला," भाऊजी म्हणाले. "बाहेरच्या खेळाडूनं आत येऊन तिचा पाय धरला. तिले तसं सांगतलं होतं. हे चुकून झालं नाई. एका गुणात हे फिटत नाई. पोरगी रेषेवर पोचली असं मी धरतो. तीन गुण. सामना पाहुण्या संघाचा." एवढंच. अर्धं मिनिटही लागलं नाही. मी खिशात किल्ली घट्ट धरली. मग दोरीपलीकडे बसलेल्या बायांमधून, त्या यजमान गावच्याच बाया, एक जाडजूड आवाज आला, "हाव, बराबर हाये!" आणि टाळ्या सुरू झाल्या. आधी बायांच्या, मग पोरांच्या, मग सगळ्या गावाच्या. मॅनेजर पॅड घेऊन कुठे नाहीसा झाला ते दिसलं नाही. ती बारकी मुलगी मातीतच बसून राहिली होती, नाकातून रक्त येत होतं, आणि मैत्रिणी तिला हलवून सांगत होत्या की आपण जिंकलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे मला इथे सांगायला लाज वाटत नाही. इतकं सरळ, इतकं उघड्यावर काही दुरुस्त होताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

अध्यक्षही शेवटी गावचाच माणूस. लोकांचा कल बघून ते स्वतः खाली आले आणि भाऊजींना म्हणाले, "जाऊ द्या भाऊ. मी बोललो ते इसरून जा. पुढच्या साली तुमीच." मला हायसं वाटलं. गोष्ट इथे संपली असती तर मी ती लग्नकार्यांत सांगत फिरलो असतो. पण चौथ्या दिवशी भाऊजींनी समितीला अर्ज दिला, स्वतःविरुद्ध. त्यात लिहिलं होतं, की स्पर्धेच्या नियमांत नसलेला नियम पंचाने माहीत असताना लावला. सबब स्पर्धेच्या कागदावरील शेवटच्या कलमानुसार कारवाई व्हावी. मी तो कागद मागवून पाहिला. शेवटचं कलम असं होतं: पंचाने नियमाबाहेर निर्णय दिल्यास निकाल कायम राहील, मात्र त्या पंचास पुन्हा बोलावले जाणार नाही. खाली कोपऱ्यात, नियम कोणी तयार केले त्याचं नाव होतं. भाऊजींचंच. दहा-बारा वर्षांपूर्वी समितीला त्यांनीच तो कागद लिहून दिला होता. म्हणजे मैदानात उभे असताना त्यांना सगळं पाठ होतं. पोरींचे गुण कोणी काढून घेऊ शकणार नाही हे माहीत होतं, आणि आपलं काय होणार हेही. ज्या अर्ध्या मिनिटात ते निकालाचा विचार करतायत असं मला वाटलं, त्यात ते बहुधा मैदान शेवटचं बघून घेत होते.

मी भांडलो. म्हटलं, "भाऊजी, अध्यक्षानं माफ केलं, गावानं टाळ्या वाजोल्या, तुमाले कायले पाह्यजे हे?" ते तार गुंडाळत म्हणाले, "म्या जाणूनबुजून केलं बाबू. दंड किती ते पाहून केलं." मी म्हणालो, मग हे तर तेच झालं, तुमी ज्याले तिकीट म्हणता ते. "तेच झालं," भाऊजी म्हणाले, "म्हणून तर माफी नाई पाह्यजे. तिकीट काढल्याबिगर कसा बसू?" आयुष्यभर मी नियमांतल्या फटी शोधत आलो, आणि या माणसाने आयुष्यात एकच फट वापरली ती दुसऱ्यांच्या पोरींसाठी, आणि तिचं सगळं भाडं स्वतः भरलं.

यंदाच्या हिवाळ्यात ताईच्या सांगण्यावरून मी त्यांना सामने बघायला घेऊन गेलो. ते नको म्हणत होते, पण आले. पांढरी पँट नव्हती, साधी राखाडी होती. आम्ही दोरीपलीकडे पोत्यावर बसलो. नवा पंच तरुण होता, शिट्टी वाजवताना त्याचे गाल लाल होत होते. दुसऱ्या सामन्यात एक अवघड पकड झाली, चौघं एकावर एक पडले आणि कोण कुठे होतं ते कोणालाच नीट दिसलं नाही. आणि मग एक विलक्षण गोष्ट झाली. अख्ख्या गावाची तोंडं आमच्याकडे वळली. बाया, म्हातारे, खेळाडू, पेंडॉलमधले अध्यक्ष, आणि तो तरुण पंचसुद्धा, सगळे भाऊजींकडे बघत होते. भाऊजींनी मान खाली घातली, चप्पल काढली आणि तिच्यातला नसलेला खडा शोधत बसले. शिट्टी वाजून निकाल होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. निकाल झाला, एक गुण, तेव्हा पहिली टाळी त्यांनी वाजवली.

परत येताना ते मागे बसले होते, एक हात माझ्या खांद्यावर. शेतांत कापसाच्या शेवटच्या वेच्याच्या बाया घरी निघाल्या होत्या. घाटंजीत दुकानासमोर मी गाडी थांबवली. भाऊजी उतरले, शटरपर्यंत गेले, आणि तिथून परत माझ्याजवळ आले. इकडेतिकडे बघून, कोणी ऐकत नाही याची खात्री करून, अगदी हळू आवाजात म्हणाले,

"बाबू, दोन गुण होते ते."